वाट चुकल्याची कैफियत

ज्या कागदांतून हा संग्रह उभा राहिला, ते कागद वस्तुतः रद्दीत जावयाचे होते. पदवीच्या शेवटच्या वर्षाची मुले-मुली संध्याकाळी माझ्या ओसरीवर जमून पदव्युत्तर प्रवेशपरीक्षांची गणिते सोडवीत, उत्तर हाती लागले की ते स्वच्छ वहीत सुवाच्य अक्षरांत उतरवून घेत, आणि ज्या पाठकोऱ्या कागदांवर तासभर झटापट झालेली असे, ते चुरगाळून कोपऱ्यात टाकून, चपला पायांत सरकवून निघून जात. पहिली काही वर्षे ते बोळे मी सकाळी केरात झाडून काढीत असे. पुढे एकदा, आदल्या दिवशी सुटलेले एक उदाहरण मलाच पुन्हा सुटेना, म्हणून त्यांतील एक बोळा उलगडून पाहिला. आणि स्वच्छ वहीत जे चार ओळींत निर्विकारपणे मांडलेले होते, त्याच्या पाठीमागे तीन चुकलेल्या वाटा, एक खोडलेले समीकरण, कंटाळून काढलेले बैलाचे चित्र आणि अगदी कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'हे विचारलेलेच नाही' एवढेच एक वाक्य, असा ऐवज दृष्टीस पडला. त्या दिवसापासून बोळे मी सरळ करून पेटीत ठेवू लागलो.

या पुस्तकाची रचना त्या पेटीने ठरविली. प्रवेशपरीक्षांच्या गणितांची पुस्तके बाजारात पुष्कळ आहेत आणि त्यांतील काही उत्तमही आहेत. परंतु त्या सर्वांत उदाहरण, त्याखाली उकल आणि उकलीखाली उत्तर असा क्रम असल्याने वाचणाऱ्याचा समज असा होतो, की लिहिणाऱ्यास ती वाट पहिल्याच पावलाला दिसली होती आणि आपल्याला ती दिसत नाही हा केवळ आपल्या बुद्धीचा दोष होय. प्रस्तुत संग्रहात उदाहरण आणि उकल यांच्या मध्ये तिसरा एक मजकूर घातला आहे. त्यास आम्ही ओसरीवर 'कैफियत' म्हणत आलो : कोणी कोठून आरंभ केला, कोणती गोष्ट न सांगता गृहीत धरली, कोठे अडला आणि परत कसा फिरला, याचे ज्याच्या त्याच्या शब्दांतले बयान. आमच्या वऱ्हाडावर निजामशाहीच्या दप्तराचा अंमल पुष्कळ काळ राहिल्यामुळे असले शब्द आमच्या तोंडी अद्याप सहज येतात. नाव कोणी मुद्दाम शोधले नाही. काही कैफियती उकलीच्या तिप्पट लांब आहेत. त्या मी तोडल्या नाहीत.

ज्या परीक्षांसाठी ही खटपट करावयाची, त्यांचे स्वरूप प्रथम सांगितले पाहिजे, कारण 'पदव्युत्तर' या शब्दाने पालकांची, आणि कित्येकदा परीक्षार्थ्यांचीही, दिशाभूल होते. परदेशी विद्यापीठांत जाण्यासाठी जी जीआरई नामक परीक्षा द्यावी लागते, तिच्या गणिताच्या भागात सप्टेंबर २०२३ पासून २७ प्रश्न आणि ४७ मिनिटे असा हिशेब आहे. त्यांत अंकगणित, बीजगणित, भूमिती आणि आकडेवारीचे वाचन एवढेच विषय येतात, त्रिकोणमितीचे किंवा कलनाचे नावही नसते. व्यवस्थापनशास्त्राच्या जीमॅटने त्याच वर्षी भूमितीही काढून टाकली आणि २१ प्रश्नांस ४५ मिनिटे दिली. आपल्याकडील कॅटचे गणितही शाळेच्या आवारातच फिरते. गेट आणि जॅम या परीक्षांची गोष्ट निराळी. तेथे पदवीचा मूळ विषय कसून विचारला जातो, तरीही गेटच्या १०० गुणांपैकी १५ गुण ज्या सामान्य अभियोग्यतेस दिलेले आहेत, त्या भागात चांगले चांगले अभियंते शाळकरी उदाहरणांपुढे अवाक् होऊन बसलेले मी पाहिले आहेत. तेव्हा जे गणित आपण दहावीत शिकलो, पेपरात सोडविले आणि विसरलो, तेच पदवीनंतर कठीण कसे होते, हा खरा प्रश्न आहे, आणि या पुस्तकाचा सारा प्रपंच त्या एका प्रश्नासाठी आहे.

माझे उत्तर थोडक्यात असे की, या परीक्षांतील कठीण उदाहरणाची अडचण आकडेमोडीत नसून पहिल्या ओळीच्या अलीकडे असते. लेखणी कागदाला टेकण्यापूर्वी मनात जो एक निर्णय न कळत होऊन जातो, तेथे परीक्षकाने सापळा लावलेला असतो. आणि तो निर्णय न कळत झालेला असल्यामुळे पुढे दहा वेळा आकडेमोड तपासली तरी चूक सापडत नाही. ताळा करणाऱ्याचा ताळा बरोबर जुळतो आणि उत्तर चुकते.

आमच्याच मुलखातील एक उदाहरण घेतो. पुसद, दिग्रस, महागाव, उमरखेड हा कापसाचा टापू. कापूस ओला की वाळलेला, यावर भाव ठरतो, आणि हमीभावाच्या खरेदीत आठ ते बारा टक्के ओलाव्याची मर्यादा असते, हे येथील शेंबड्या पोरासही ठाऊक असते. पेटीतील एका उदाहरणात विचारले आहे : बारा टक्के ओलावा असलेला १०० किलो कापूस उन्हात वाळवून ओलावा आठ टक्क्यांवर आणला, तर वजन किती भरेल? ज्या संध्याकाळी हे उदाहरण मी घातले, त्या संध्याकाळी ओसरीवर सात जण होते. त्यांपैकी एकाच्या घरी पिढीजात कापूस, आणि खरेदीच्या दिवसांत बापाबरोबर गाडीवर बसून बाजारात जाण्याचा त्याचा शिरस्ता. त्याने लेखणी न उचलताच ९६ म्हणून सांगितले. बारातून आठ गेले, चार उरले. शंभरातून चार गेले, शहाण्णव उरले. दोन्ही वजाबाक्या निर्दोष होत्या. बाकीच्यांनीही माना हालविल्या. केवळ एक मुलगी, जिच्या घरी शेतीचा गंधही नव्हता, ती बराच वेळ कागदाकडे पाहत राहिली आणि मग तिने विचारले, "सर, आठ टक्के कशाचे?"

ते आठ टक्के अर्थातच वाळल्यानंतरच्या वजनाचे. आणि वाळल्यानंतरचे वजन तर अजून काढावयाचे आहे. हे ध्यानात येताच मनुष्य गोंधळतो, कारण जे शोधावयाचे त्याचाच टक्का हाती दिलेला आहे. परंतु गोंधळ हा येथे शुभ शकुन होय. ऊन पाण्याला नेते, सरकी आणि रुई जागच्या जागीच राहतात. शंभर किलोंत कोरडा ऐवज ८८ किलो होता, तो वाळल्यावरही ८८ किलोच आहे. फरक इतकाच की पूर्वी जो ८८ टक्के होता तो आता ९२ टक्के झाला. अठ्ठ्याऐंशीस ब्याण्णवाने भागून शंभराने गुणले की ९५.६५ किलो येतात. घट चार किलोंची नसून चार किलो आणि सुमारे साडेतीनशे ग्रॅमांची झाली. गाडीभर मालात हा फरक किती होतो, याचा हिशेब त्या मुलाने तेथल्या तेथे केला आणि मग जरा वेळ तो काही बोलला नाही. त्याची कैफियत या पुस्तकात एका ओळीची आहे : 'मी पाणी मोजीत बसलो, कापूस मोजलाच नाही.' तीत मला एका अक्षराचीही भर घालता आलेली नाही, आणि टक्केवारीची निम्म्याहून अधिक उदाहरणे, किंमत वीस टक्क्यांनी चढून वीस टक्क्यांनी उतरली म्हणजे पूर्वीइतकी होते की नाही इथपासून द्रावणांच्या मिश्रणांपर्यंत, त्या एका ओळीने उलगडतात. बदलणाऱ्या वस्तूच्या मागे धावण्याऐवजी न बदलणारी कोणती, ते पाहावयाचे.

येथे एक गोष्ट नमूद करतो, जी मला स्वतःला बरीच उशिरा कळली. त्या मुलाला कापसाचे ज्ञान होते, आणि तेच त्याच्या आड आले. ज्या विषयाचा आपल्याला सराव आहे, त्यात प्रश्न पुरता वाचण्याची गरज मनाला वाटत नाही.

दुसरी अडचण याहून खोल आहे, आणि ती आपल्या शाळांनी निर्माण केलेली आहे. जीआरईत दोन राशी शेजारी-शेजारी ठेवून पहिली मोठी, दुसरी मोठी, दोन्ही समान, किंवा दिलेल्या माहितीवरून ठरविता येत नाही, या चार पर्यायांपैकी एक निवडावयास सांगतात. समजा, क्ष ही शून्याहून मोठी संख्या आहे. तर क्षचा वर्ग मोठा की क्षचा घन मोठा? आमची मुले क्षच्या जागी दोन घालतात, चार आणि आठ येतात. तीन घालतात, नऊ आणि सत्तावीस येतात. खातरी करून घ्यावी म्हणून कोणी दहाही घालतो, आणि घन मोठा असा फैसला देऊन मोकळा होतो. क्ष म्हणजे एक असू शकतो, अर्धा असू शकतो, अर्ध्याचा वर्ग पाव आणि घन अर्धपाव होतो, हे सांगितल्यावर त्यांना कळते, पण पटत नाही. त्यांची तक्रार गणिताबद्दल नसतेच. 'ठरविता येत नाही' हे उत्तर असू शकते, हीच गोष्ट त्यांना अपमानास्पद वाटते. आणि त्यात त्यांचा काय अपराध? पहिलीपासून बारावीपर्यंत त्यांनी जी हजारो उदाहरणे सोडविली, त्यांतील प्रत्येकास उत्तर होते, ते पुस्तकाच्या शेवटी छापलेले होते, आणि दिलेला प्रत्येक आकडा उकलीत कोठे ना कोठे खर्ची पडत होता. एखादा आकडा शिल्लक राहिला तर आपले काही तरी चुकले असे ते मानीत आणि बहुधा ते खरेही असे. माहिती अपुरी असू शकते, किंवा गरजेहून अधिक असू शकते, हा अनुभव त्यांना कोणी दिलाच नाही.

जीमॅटमध्ये याच जातीचा, माहितीचा पुरेपणा तपासणारा प्रश्नप्रकार आहे. तेथे एक प्रश्न आणि त्याखाली दोन विधाने देतात, आणि उत्तर काय हे न विचारता, उत्तर देण्यास पहिले विधान पुरते काय, दुसरे पुरते काय, दोन्ही मिळून पुरतात काय, एवढेच विचारतात. जो उत्तर काढीत बसतो तो वेळ घालवितो. येथे गणित मुन्सफाच्या खुर्चीत बसलेले असते : फिर्याद खरी की खोटी हे नंतर पाहू, प्रथम दाखल झालेला पुरावा निकालास पुरेसा आहे काय, ते सांगा. आमच्या ओसरीवर अशा प्रश्नांना एका वकिलाच्या मुलाने 'तारीख पे तारीख' असे नाव दिले होते. ते नाव मी पुस्तकात घेतलेले नाही, पण ते शीर्षकाहून समर्पक होते असे आता वाटते.

हे सारे नवे आणि परदेशी आहे, अशी समजूत असेल तर ती थोडी ढिली करावी. शिकवणीवर्गांत आजकाल जी 'ट्रिक' म्हणून मोठ्या फीच्या मोबदल्यात शिकविली जाते, की राशी दिलेली नसेल तर सोयीची एखादी संख्या धरून चालावे, ती भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त इष्टकर्म या नावाने साडेआठशे वर्षांपासून आहे. कमळांच्या राशीचा तिसरा, पाचवा, सहावा आणि चौथा हिस्सा देवादिकांना वाहून सहा कमळे उरली, तर मुळात किती होती? राशी साठ धरावी, कारण साठास हे सर्व भाग निःशेष जातात. वीस, बारा, दहा आणि पंधरा मिळून सत्तावन्न जातात, तीन उरतात. उरावयास हवी होती सहा, म्हणून साठाची दुप्पट, एकशे वीस. समीकरण मांडावे लागत नाही आणि अपूर्णांकांची बेरीजही करावी लागत नाही. त्याच ग्रंथातील विलोमविधी म्हणजे शेवटून आरंभाकडे उलट चालत येणे, अर्थात पर्यायांपासून प्रश्नाकडे जाणे. आणि अंकपाशाच्या प्रकरणात शंकराच्या दहा हातांतील दहा आयुधांची अदलाबदल करून किती मूर्ती होतील याचे ३६,२८,८०० असे जे उत्तर येते, ते आज क्रमचयाच्या पहिल्या पाठात शिकवितात. १२०७ साली भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, खानदेशात चाळीसगावाजवळच्या पाटण येथे आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी मठ स्थापिल्याचा शिलालेख आहे. शिकवणीवर्गास राजाश्रय मिळाल्याचे आपल्या मुलखातील एवढे जुने दुसरे उदाहरण माझ्या वाचनात नाही.

इष्टकर्म मी मुलांना एस.टी.च्या उदाहरणाने शिकवीत असे. बस पुसदहून यवतमाळला ताशी ४० किलोमीटर वेगाने गेली आणि त्याच रस्त्याने ६० च्या वेगाने परत आली, तर सरासरी वेग किती? दर वर्षी कोणी तरी ५० म्हणे, दर वर्षी कोणी तरी यवतमाळचे अंतर विचारी, आणि एका वर्षी एकाने, जो दर शनिवारी त्या बसने गावी जात असे, ती गाडी साठचा वेग कधी धरीतच नाही, तेव्हा उदाहरणच रद्द समजावे, असा आक्षेप नोंदविला. अंतर कोणतेही धरा. १२० धरणे सोयीचे. जाताना तीन तास, येताना दोन, एकूण २४० किलोमीटरांस पाच तास, सरासरी ४८. गाडी सावकाश असताना रस्त्यावर अधिक वेळ असते, म्हणून सरासरी तिच्या बाजूला झुकते. एवढे कळले की सूत्र पाठ करण्याचे कारण उरत नाही, आणि सूत्र पाठ असलेला मनुष्य वेगांऐवजी नळ आणि हौद आले की पुन्हा अडतो.

भूमितीविषयी लांबण लावीत नाही. आकृती मापाने काढलेली आहे असे मानू नये, यापलीकडे तीत स्वतंत्र सांगण्यासारखे थोडे आहे.

वेळेविषयी मात्र माझे मत प्रचलित मतापेक्षा वेगळे आहे आणि ते स्पष्ट लिहून ठेवतो. जीआरईत एका प्रश्नास सरासरी १०४ सेकंद येतात, जीमॅटमध्ये १२८, गेटमध्ये १६६. म्हणून तयारीच्या पहिल्या दिवसापासून घड्याळ लावून बसावे असा सल्ला सर्रास दिला जातो. माझ्या पाहण्यात या सल्ल्याने मुलांचे नुकसानच अधिक झाले. घड्याळ समोर असले की मनुष्य पहिली सुचलेली वाट धरतो, आणि कठीण उदाहरणात पहिली सुचलेली वाटच चुकीची असावी अशी तजवीज परीक्षकाने केलेली असते. यास्तव या संग्रहातील उदाहरणे पहिल्या वाचनी वेळ न मोजता सोडवावीत. एखादे दोन दिवस सुटले नाही तरी चालेल, चारपाच दिवसही चालेल, स्वयंपाक करताना, बसथांब्यावर उभे असताना, पूस नदीच्या पुलावरून सायकल हातात धरून चालताना ते डोक्यात राहू द्यावे. घड्याळ शेवटच्या दोन महिन्यांत बाहेर काढावे, आणि तेही कोणते उदाहरण सोडून द्यावयाचे हे शिकण्यासाठी. ही विद्या मला स्वतःला नव्हती. माझ्या तरुणपणी एका प्रवेशपरीक्षेत एकाच उदाहरणावर मी पंचवीस मिनिटे घालविली, ते सुटले, त्याचा मला आजही आनंद आहे, आणि प्रवेश मिळाला नाही.

वेळ वाचतो तो भलत्याच ठिकाणी वाचतो. पाच पत्रे आणि पाच लिफाफे. पत्रे डोळे मिटून लिफाफ्यांत घातली, तर नेमकी चार पत्रे योग्य लिफाफ्यांत पडण्याची संभाव्यता किती? सगळे माना खाली घालून १२० च्या छेदावर अंश शोधीत असताना एक मुलगी मोठ्याने हसली, आणि पुढे दोन मिनिटे कोणालाही कारण सांगावयास तयार होईना. चार बरोबर पडली तर पाचवे जाईल कोठे? उत्तर शून्य. याच उदाहरणाचे दुसरे अंग, एकही पत्र योग्य लिफाफ्यात न पडण्याचे, हे मात्र हसण्यावारी नेण्यासारखे नाही. १२० पैकी ४४ प्रकार ते आहेत, आणि त्या चव्वेचाळीसांपर्यंत पोहोचण्याच्या चार निरनिराळ्या वाटा, त्यांतील दोन फसलेल्या, या पुस्तकात सहा पाने व्यापतात.

परीक्षेसाठी गणित शिकणे म्हणजे गणिताची विटंबना, असे म्हणणारे विद्वान लोक आहेत, आणि त्यांच्या बाजूला मोठी नावे आहेत. केंब्रिजच्या ट्रायपॉस परीक्षेत एकेकाळी खाजगी शिकवणीवाल्यांचेच राज्य होते. राऊथ नावाच्या एकट्या शिक्षकाच्या हाताखालून पंचवीसहून अधिक सीनियर रँग्लर, म्हणजे त्या परीक्षेत पहिले आलेले विद्यार्थी, बाहेर पडले. रत्नागिरी जिल्ह्यातील मुर्डीच्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांनी १८९९ साली तो मान मिळविला तेव्हा महाराष्ट्रात केवढा उत्सव झाला! हार्डीसारख्या थोर गणितज्ञाने त्या परीक्षेवर मनस्वी टीका केली आणि १९०९ नंतर गुणानुक्रम जाहीर करण्याची पद्धत बंद पडली. हार्डीचे म्हणणे खोडून काढण्याचा अधिकार मला नाही. तथापि त्याच हार्डीने ज्याला जगापुढे आणले त्या रामानुजनच्या हाती कुंभकोणमला लागलेले पुस्तक, कार नावाच्या गृहस्थाचे, ट्रायपॉसच्या विद्यार्थ्यांना शिकविण्याच्या उद्योगातूनच जन्मलेले होते, ही गोष्ट मला पुष्कळ धीर देत आली आहे. हजारो सिद्धांत त्यात ओळीने मांडलेले होते आणि त्यांच्या सिद्धता बहुतांशी नव्हत्या. त्या रामानुजनने स्वतः शोधल्या. येथे चाणाक्ष वाचक विचारील, की मग प्रस्तुत पुस्तकात वाटा, आडवाटा, सारेच छापून तुम्ही वाचणाऱ्याचे काम हिरावून घेत नाही काय? हा आक्षेप मला बराच लागला. माझे समाधान एवढेच की, रामानुजनसाठी पुस्तक लिहिण्याची माझी योग्यता नाही. माझ्या डोळ्यांपुढे निराळे उदाहरण आहे. परांजप्यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक १९२७ साली फर्ग्युसन महाविद्यालयात दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांना मिळाले, आणि ते पुढे तीसाहून अधिक वर्षे देवळालीस शाळामास्तर राहिले. ६१७४ या संख्येचा जो गुण त्यांनी शोधला, तो पाहावयास उतरत्या आणि चढत्या अंकांची वजाबाकी यापलीकडे कोणतेही हत्यार लागत नाही. पदव्युत्तर शिक्षण त्यांच्या वाट्यास आले नाही.

भाषेसंबंधी लिहिल्यावाचून ही प्रस्तावना पुरी व्हावयाची नाही. पुसदला महाविद्यालय आहे, १९८३ पासून अभियांत्रिकीचेही आहे, आणि आसपासच्या खेड्यांतून, तांड्यांतून येणारी मुले घरी गोरमाटी किंवा वऱ्हाडी, शाळेत मराठी, महाविद्यालयात इंग्रजी आणि भ्रमणध्वनीवर हिंदी अशा चार भाषांत वावरतात. ज्या गहुलीचे वसंतराव नाईक पुसदला वकिली करीत आणि पुढे अकरा वर्षांहून अधिक काळ राज्याचे मुख्यमंत्री राहिले, ते गहुलीही येथून जवळच. अशा मुलाला इंग्रजी येत नाही असे म्हणणे चूक आहे. त्याला इंग्रजी येते, पण उदाहरण कठीण होताच तो मनात मराठीकडे धाव घेतो, आणि त्या धावण्यात काही तरी सांडते. बहुधा सांडतात ते बारके शब्द : 'निदान एक' आणि 'नेमका एक' यांतील फरक, 'फार तर तीन' यात तीनही येतात हे भान, 'याहून दुप्पट' कोण आणि 'याच्या दुप्पट' कोण. पेटीतील कैफियतींपैकी फार मोठा भाग असल्या चिमुकल्या शब्दांनी खाल्लेला आहे. म्हणून मी मुलांना सांगत आलो की अनुवाद मनात करू नका, कागदावर करा. उदाहरण इंग्रजीत वाचा, आणि काय दिले व काय विचारले हे दोन ओळींत मराठीत लिहून काढा. परीक्षेत हे करावयास वेळ मिळत नाही. पण दोनशे उदाहरणांत हाताने केले की पुढे ते डोळ्यांनी होऊ लागते. संख्यांच्या नावांची गोष्ट याहून गमतीची आहे : चौऱ्याहत्तर म्हणताना चार आधी येतो आणि लिहिताना सात आधी येतो, त्यामुळे ऐकलेले चौऱ्याहत्तर घाईत ४७ लिहिले गेल्याचे नमुने माझ्यापाशी अभियांत्रिकीच्या मुलांचेही आहेत. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात 'सत्तर चार' असे वाचन आले तेव्हा महाराष्ट्रभर जो गहजब झाला, त्यात मी चौऱ्याहत्तरांच्याच बाजूचा होतो. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, औटकी ज्याच्या कानांवर लहानपणी पडली त्याने दुसऱ्या बाजूस कसे जावे? परंतु पेटीतील पुरावा माझ्याविरुद्ध जातो, हे कबूल केले पाहिजे.

ज्यांच्या कैफियती येथे आल्या आहेत त्या सर्वांची संमती मी मागितली. काही आता नोकरीवर आहेत, काही परदेशी. दोघा-तिघांनी नाव घालू नका असे कळविले, तेव्हा समानता राहावी म्हणून मी कोणाचेच घातले नाही. एका मुलीने, जी आता स्वतः गणित शिकविते, आपली जुनी कैफियत वाचून त्यात आणखी एक चूक दाखवून दिली, जी तिच्या अथवा माझ्या त्या वेळी लक्षात आली नव्हती. ती तळटीपेत दिली आहे. शेवटच्या प्रकरणातील एका उदाहरणाची जी उकल छापली आहे ती बरोबर आहे, पण ती दोन पानांची आहे, आणि प्रश्नास दोन मिनिटे देणाऱ्या परीक्षेत ज्या उदाहरणाला जागा मिळाली त्याला दोन पानांची उकल असणे शक्य नाही. आखूड वाट कोठे तरी आहेच. मला ती अद्याप दिसलेली नाही.

प्रत्येक प्रकरणाअखेर चार पाने कोरी सोडली आहेत. मुद्रकाने त्यांस हरकत घेतली. कोऱ्या कागदाला छापील कागदाइतकाच खर्च येतो, आणि गिऱ्हाईक कोऱ्या पानांचे पैसे देत नाही, असे त्याचे म्हणणे पडले. मी त्यास पेटी उघडून दाखविली. त्याने वरचे दोन-तीन कागद उलटसुलट करून पाहिले, बैलाच्या चित्रापाशी जरा थांबला, आणि मग पाने ठेवू या, पण कागद थोडा हलका वापरू, असे म्हणाला. त्यामुळे शाई पाठीमागे उमटण्याचा संभव आहे. पेन्सिल वापरावी, मात्र खोडरबर जवळ ठेवू नये.

पुसद
गुढीपाडवा